व्हाउचर एन्ट्रीपासून फायनलायझेशनपर्यंत: अकाउंटंटसाठी दीड वर्षाचा आराखडा

बी.कॉम. करून सीए ऑफिसात किंवा एखाद्या कारखान्याच्या अकाउंट्स विभागात लागलेली कितीतरी मुले-मुली चार-पाच वर्षांनीही त्याच खुर्चीत दिसतात. खरेदी, विक्री, बँक, पेटी कॅश. हात बसतो, वेग वाढतो, काम तेच राहते. हुशारी कमी पडते म्हणून असे होत नाही. एन्ट्रीचे काम दुसऱ्याला सहज देता येते आणि आता तर बँक स्टेटमेंट थेट टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) इम्पोर्ट होते, विक्रीची बिले एक्सेलमधून चढतात. एखाद्या खात्याची शिल्लक बरोबर आहे की नाही हे कागद समोर ठेवून सांगणारा माणूस मात्र शोधावा लागतो. तो माणूस व्हायला, म्हणजे फायनलायझेशन (वर्षाचे हिशेब पक्के करून नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद काढणे) स्वतः करायला, साधारण दीड वर्ष पुरते, पण काम ठरावीक क्रमाने शिकावे लागते. पुढचा क्रम नोकरी सांभाळून करता येईल असाच मांडला आहे.

पहिले तीन महिने: तारखा आणि बँक

महिन्याच्या तारखा पाठ हव्यात. 7 ला टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या आयकराचा, भरणा (मार्चचा मात्र 30 एप्रिलपर्यंत), 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचे रिटर्न), 14 ला जीएसटीआर-2बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांचा तक्ता) तयार, 15 ला पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा), 20 ला जीएसटीआर-3बी (महिन्याचा कर भरण्याचे रिटर्न). तिमाही रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-1 तिमाहीनंतर 13 ला, आणि महाराष्ट्र व गोव्यासाठी 3बी 22 ला. जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च या महिन्यांत 15 ला आगाऊ कर: एकूण अंदाजित कराच्या 15, 45, 75 आणि 100 टक्क्यांपर्यंत.

या झाल्या सरकारी तारखा. तुमच्या तारखा त्याआधीच्या असायला हव्यात. विक्रीची बिले 3 पर्यंत चढलेली, टीडीएसचे वर्किंग 4 ला तयार, बँक 5 ला जुळलेली. शेवटच्या दिवशी पोर्टल अडकले म्हणून 3बी राहिले, तर लेट फी लागते आणि रोखीने भरायच्या करावर वार्षिक 18 टक्के व्याजही. तेव्हा पोर्टलला दोष देऊन काही भरून निघत नाही.

आता बँक. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपले बँक बुक बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणे, ऑफिसच्या भाषेत बीआरएस, बहुतेक जण सर्वांत कंटाळवाणे काम समजतात. आमच्या मते शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण धंद्यातला जवळपास प्रत्येक व्यवहार कधी ना कधी बँकेतून जातो. एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. 31 तारखेला बँक बुकात 4,82,350 रुपये शिल्लक दिसतात आणि स्टेटमेंटमध्ये 5,21,174. फरक 38,824.

स्टेटमेंट आणि बँक बुक ओळीने टिक करत गेल्यावर चार गोष्टी उरतात. आपण दिलेले पण अजून वटले नाहीत असे 61,200 रुपयांचे चेक. आपण भरलेला, पण बँकेत जमा न झालेला 25,000 चा चेक. बँकेने कापलेले 826 रुपये चार्जेस, जे आपल्या बुकात नाहीत. आणि एका गिऱ्हाइकाने थेट एनईएफटीने पाठवलेले 3,450 रुपये, तेही बुकात नाहीत. शेवटच्या दोन नोंदी आधी बुकात घ्यायच्या: 4,82,350 वजा 826 अधिक 3,450, म्हणजे 4,84,974. मग स्टेटमेंटच्या बाजूने: 5,21,174 वजा 61,200 अधिक 25,000, म्हणजे 4,84,974. दोन्ही बाजू एकाच आकड्यावर आल्या की बँक जुळली.

यात शिकण्यासारखे बरेच आहे. ते 826 रुपये म्हणजे 700 रुपये चार्जेस आणि 126 रुपये जीएसटी. बँकेकडे आपला जीएसटीआयएन (जीएसटीचा नोंदणी क्रमांक) नोंदवलेला असेल, तर हे 126 रुपये 2बीमध्ये दिसतात आणि क्रेडिट घेता येते, म्हणजे आपल्या भरायच्या जीएसटीतून ते वजा होतात. सगळी रक्कम 'बँक चार्जेस' मध्ये टाकून मोकळे झालात, तर दर महिन्याला थोडे थोडे क्रेडिट वाया जाते. न वटलेल्या चेकच्या यादीत एखादा चेक तीन महिन्यांहून जुना असेल, तर त्याची मुदत संपली आहे. तो रद्द करून रक्कम त्या पार्टीच्या खात्याला परत जमा करायची. ती उत्पन्नात घ्यायची नाही, कारण देणे अजून संपलेले नाही.

न सापडणाऱ्या फरकासाठी दोन जुन्या युक्त्या अजूनही चालतात. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल, तर दोन अंक उलटसुलट पडल्याची शक्यता मोठी असते, जसे 5,400 च्या जागी 4,500. आणि फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची एन्ट्री सापडली, तर ती जमेऐवजी नावे टाकली गेली आहे का ते पाहा. टॅलीत रिकन्साइल करताना बँकेची तारीख स्टेटमेंटवरचीच टाका. आजची तारीख टाकून ढकलले, तर मार्चअखेरची न वटलेल्या चेकची यादी चुकते आणि ऑडिटच्या वेळी सगळे पुन्हा करावे लागते.

चौथा ते सहावा महिना: 2बीची जुळवणी

जीएसटी आल्यापासून, म्हणजे 1 जुलै 2017 पासून, छोट्या-मध्यम धंद्यात अकाउंटंटची किंमत सर्वांत जास्त इथे ठरते. पुरवठादाराने बिल त्याच्या जीएसटीआर-1 मध्ये दाखवले आणि ते आपल्या 2बीत आले, तरच क्रेडिट मिळते. बिल हातात आहे, पैसे दिले आहेत, एवढे पुरत नाही.

पद्धत अशी. पोर्टलवरून 2बीची एक्सेल उतरवा, टॅलीतून खरेदी रजिस्टर काढा. दोन्हींत एक जोड-कॉलम बनवा: जीएसटीआयएन आणि त्याला चिकटून साफ केलेला बिल क्रमांक. साफ करणे महत्त्वाचे, कारण पुरवठादार '0045/25-26' लिहितो आणि आपल्याकडे कोणी '45' असे टाकलेले असते. एक्सेलच्या सबस्टिट्यूट सूत्राने आधी '25-26' हा वर्षाचा भाग, मग तिरक्या रेषा आणि डॅश काढा, ट्रिमने पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा, आणि सुरुवातीची शून्ये. कॉलमचा फॉरमॅट आधीच टेक्स्ट ठेवा, नाहीतर '12-25' सारखा बिल क्रमांक एक्सेल परस्पर डिसेंबर 2025 करून टाकतो आणि मूळ क्रमांक पुन्हा मिळत नाही. मग एक्सलुकअप किंवा व्हीलुकअपने दोन्ही बाजूंनी शोधा, आणि करात एक-दोन रुपयांपर्यंतचा राउंडिंगचा फरक जुळला असे धरा.

उरलेल्या नोंदींचा खरा अभ्यास करायचा. बुकात आहे पण 2बीत नाही, याची नेहमीची कारणे: पुरवठादाराने 11 नंतर रिटर्न भरले, म्हणून बिल पुढच्या महिन्याच्या 2बीत येईल, तो तिमाही भरणारा आहे, त्याने चुकीचा जीएसटीआयएन टाकला किंवा बिल बी2सीमध्ये (नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकांच्या विक्रीत) दाखवले. प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहा आणि त्या पार्टीला बिल क्रमांक, तारीख, रक्कम लिहून मेल करा. नुसते 'तुमची बिले दिसत नाहीत' असे कळवले तर उत्तर येत नाही, हे अनुभवाने सांगता येते. असे राहिलेले क्रेडिट घ्यायला पुढच्या वर्षीच्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यातले जे आधी असेल तोपर्यंत मुदत आहे.

2बीत आहे पण बुकात नाही, ही बाजू बहुतेक जण सोडून देतात. तिथेच काय काय सापडते: स्टोअरमध्ये पडून राहिलेले बिल, बँक चार्जेस, मालकांनी कंपनीच्या जीएसटीआयएनवर घेतलेली घरची वस्तू, कधी आपला संबंधच नसलेल्या कोणाचे तरी बिल. गोव्यातल्या कंपनीचा माणूस कोल्हापूरच्या हॉटेलात राहिला, तर त्या बिलावर महाराष्ट्राचा एसजीएसटी लागतो. 30 ने सुरू होणाऱ्या, म्हणजे गोव्याच्या, जीएसटीआयएनला त्याचे क्रेडिट मिळत नाही. 2बीत ते 'उपलब्ध नाही' या भागात दिसते. ते घेतले, तर नोटीस ठरलेलीच.

ऑक्टोबर 2024 पासून जीएसटी पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिमही आहे. तिथे बिल स्वीकारता, नाकारता किंवा प्रलंबित ठेवता येते आणि काहीच केले नाही तर ते स्वीकारल्याचे धरले जाते. नाकारण्याआधी पुरवठादाराशी बोलून घ्या. क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारी नोंद) नाकारली, तर त्याचे करदायित्व वाढते आणि संबंध विनाकारण बिघडतो.

आणखी दोन गोष्टी याच शीटमध्ये ठेवा. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. आणि रिव्हर्स चार्ज, म्हणजे विकणाऱ्याऐवजी आपण भरायचा जीएसटी: मालवाहतूक, वकिलाची फी, आणि 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या मालकाकडून घेतलेल्या व्यापारी जागेचे भाडे. हे भाडे 2बीत कधीच दिसणार नाही, म्हणून ते तुमच्याच यादीतून आले पाहिजे.

सातवा ते दहावा महिना: टीडीएस आणि लेजर स्क्रूटिनी

टीडीएससाठी खर्चाची खाती एकेक करून उघडा. कंत्राटदाराच्या एका बिलात 30,000 किंवा वर्षात 1,00,000 ओलांडले की कपात. व्यक्ती किंवा एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) असेल तर 1 टक्का, इतरांना 2. व्यावसायिक फीची मर्यादा एप्रिल 2025 पासून 50,000 झाली. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल, तर कपात मूळ रकमेवर. सर्वांत जास्त चुका वर्षाच्या मर्यादेत होतात: 20,000 ची सहा बिले वेगवेगळ्या महिन्यांत येतात, प्रत्येक वेळी 'मर्यादेत आहे' म्हणून सोडले जाते, आणि सहाव्या बिलाला आधीच्या सगळ्या रकमेवर कपात करायची असते हे कोणाच्या लक्षात येत नाही. कापायला उशीर झाला तर महिन्याला 1 टक्का, कापून भरायला उशीर झाला तर दीड टक्का व्याज. महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना मोजला जातो.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या आयकर कायद्याच्या जागी आयकर अधिनियम 2025 लागू झाला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्याआधीच्या वर्षांची ऑडिट आणि असेसमेंट जुन्याच कायद्याने चालणार. त्यामुळे '194सी' (कंत्राटदाराच्या कपातीचे जुने कलम) एवढेच पाठ केलेल्याची अडचण होते. कोणाला, कशासाठी, किती मर्यादेनंतर, असे समजून घेतलेल्याला फक्त क्रमांकांची नवी यादी भिंतीवर लावावी लागते.

लेजर स्क्रूटिनी म्हणजे खाते वाचणे. ही नजर सवयीनेच येते, पण काय शोधायचे ते सांगता येते. भाड्याच्या खात्यात 12 नोंदी आहेत का? महावितरणची 12 बिले? अकरा असतील, तर एक बिल राहिले आहे किंवा आगाऊ रकमेत अडकले आहे. येणेकऱ्यांत कोणाची शिल्लक जमा दिसते? मग एकतर आगाऊ आलेले पैसे आहेत, नाहीतर विक्रीचे बिलच चढलेले नाही. देणेकऱ्यांत नावे शिल्लक असेल, तर खरेदीचे बिल राहिलेले असण्याची शक्यता मोठी. कर्जाचा पूर्ण हप्ता कर्ज खात्याला नावे टाकला असेल, तर व्याज खर्चात आलेच नाही. बँकेकडून वर्षाचे व्याज प्रमाणपत्र मागवून विभागा. 'दुरुस्ती' खात्यात 85,000 ची मोटर दिसली, तर ती मालमत्ता आहे का ते विचारा. एका दिवसात एका व्यक्तीला 10,000 हून अधिक रोख दिली असेल (वाहतूकदाराला 35,000), तर तो खर्च आयकरात अमान्य होतो. कॅश बुकाची शिल्लक रोजची बघा, महिनाअखेरची नाही. मधल्याच एखाद्या दिवशी ती उणे झालेली सापडते.

सस्पेन्स खाते (कशाच्या ते न कळलेल्या रकमांचे) तर शून्यावर आलेच पाहिजे. 'नंतर बघू' म्हणून तिथे टाकलेली रक्कम मार्चमध्ये कोणालाच आठवत नाही.

कंपनीसाठी काम करत असाल, तर 1 एप्रिल 2023 पासून सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा आहे. जुनी एन्ट्री गुपचूप बदलता येत नाही, बदललेली दिसते. दुरुस्ती जर्नल व्हाउचरने करा आणि नॅरेशनमध्ये कारण लिहा.

अकरावा ते पंधरावा महिना: ट्रायल हातात घ्या

इथे वरिष्ठांकडे मागायला जावे लागते. 'या वर्षीच्या एका छोट्या पार्टीचे फायनलायझेशन मला करू द्या, तुम्ही तपासा,' असे स्पष्ट बोला. प्रोप्रायटरी फर्म निवडा, मालाचे प्रकार कमी असलेली. कारखान्यात असाल तर एका तिमाहीचे नफा-तोटा पत्रक करायला मागा.

ट्रायल बॅलन्समधल्या (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांच्या यादीतल्या) प्रत्येक शिल्लकेमागे एक कागद लावायचा, ही पद्धत ठेवा. बँकेमागे बीआरएस आणि स्टेटमेंट. येणे-देण्यामागे पार्टीचे कन्फर्मेशन किंवा एप्रिलमध्ये आलेल्या-दिलेल्या पैशांची नोंद. जीएसटीच्या खात्यांमागे पोर्टलवरचे कॅश आणि क्रेडिट लेजर, आणि विक्रीचा आकडा 3बीच्या बारा महिन्यांच्या बेरजेशी. येणे टीडीएसमागे 26एएस (आपला किती टीडीएस जमा झाला ते दाखवणारा आयकर खात्याचा तक्ता). पगारामागे पीएफचे चलन. मालमत्तेमागे रजिस्टर आणि घसारा. आयकराच्या घसाऱ्यात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या मालमत्तेला निम्मा दर, म्हणून बिलाच्या तारखेइतकीच वापर सुरू झाल्याची तारीख महत्त्वाची. कर्जामागे बँकेचे पत्र. ज्या शिल्लकेमागे कागद नाही तिची वेगळी यादी करा. ही यादी घेऊन गेलात की साहेब तुमच्याशी एन्ट्री ऑपरेटर म्हणून बोलत नाहीत.

सर्वांत वादाचा आकडा शेवटचा माल. मालक तोंडी आकडा सांगतात आणि ग्रॉस प्रॉफिट त्यावर हलते. मागच्या तीन वर्षांचे ग्रॉस प्रॉफिटचे टक्के शेजारी मांडा; 14, 15, 14 आणि यंदा अचानक 22 आले, तर एकतर माल जास्त धरला आहे किंवा खरेदीची बिले राहिली आहेत. कारण सापडेपर्यंत आकडा पुढे पाठवू नका.

चाकण-रांजणगावसारख्या ठिकाणी मोठ्या कंपनीत जायचे असेल, तर टॅलीखेरीज एसएपी या सॉफ्टवेअरची ओळख लागते. त्यातल्या कळांपेक्षा मागचा विचार समजून घ्या: पर्चेस ऑर्डर, स्टोअरची माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचे बिल, तिन्हींत नग आणि दर जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. हे तुमच्या छोट्या कारखान्यात कागदावर करून बघता येते, आणि मुलाखतीत त्याबद्दल नेमके बोलता येते.

मालकाला महिन्याला एक पान

फायनलायझेशन जमू लागले की दर महिन्याच्या 10 पर्यंत एका पानाची टिपण द्यायला लागा. कोणी मागितली नसली तरी द्या. त्यात बँक आणि सीसीची (कॅश क्रेडिट कर्जाची) शिल्लक, 90 दिवसांवरची येणी नावानिशी, या महिन्यात भरायचा जीएसटी, टीडीएस आणि पगार, आणि सूक्ष्म व लघु उद्योगांची थकलेली देणी. या शेवटच्या ओळीकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. मुदत टळली आणि मार्चअखेर रक्कम थकीत राहिली, तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, पैसे देऊ त्या वर्षी मिळतो. नुसत्या व्यापाऱ्याला हा नियम लागत नाही, म्हणून पार्टी मास्टरमध्ये उद्यम क्रमांक आणि प्रकार दोन्ही भरून ठेवा. फेब्रुवारीत ही यादी समोर ठेवली, तर मालक मार्चच्या पैशांचे नियोजन करू शकतात. जुलैत सांगून उपयोग नसतो.

कटू गोष्ट सांगताना आकडा आधी, कारण नंतर, आणि उपाय सोबत. 'विक्री 11 टक्के वाढली, पण येणी 30 टक्के वाढली. त्यातली निम्मी दोन पार्ट्यांकडे आहे, त्यांचा माल थांबवायचा का ते ठरवा.' एवढे पुरे.

मालाशिवाय बिल घ्या, जुन्या तारखेचे व्हाउचर करा, अशी मागणी आली तर नकार लेखी द्या. बोगस बिलांत मदत करणाऱ्यालाही जीएसटी कायद्यात दंडाची तरतूद आहे. दुसऱ्याची डिजिटल सही असलेला टोकन स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवून सह्या करत जाणे, हेही नको. अनेक ऑफिसांत ते सर्रास चालते आणि अडचण आली की पहिला प्रश्न अकाउंटंटलाच विचारला जातो.

कोणती परीक्षा, आणि केव्हा

सीए सगळ्यांना डोळ्यासमोर असते. वाणिज्य पदवीला 55 टक्के असतील तर फाउंडेशनशिवाय थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. दोन्ही ग्रुप सुटल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी), म्हणजे सध्याची नोकरी सोडावी लागणार आणि स्टायपेंडवर राहावे लागणार. घरचा खर्च तुमच्या पगारावर असेल, तर हे गणित घरच्यांबरोबर बसून आधी मांडा. कारखान्यात असणाऱ्यांनी सीएमए (कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा) गांभीर्याने पाहावे. कॉस्ट शीट आणि मालाचे मूल्यांकन यांचा संबंध रोजच्या कामाशी येतो. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून स्वतंत्र काम करायचे असेल, तर वाणिज्य पदवीवर पीसीटी-01 अर्ज करून नोंदणी घेता येते आणि परीक्षा नासिन (केंद्राची कर-प्रशिक्षण अकादमी) घेते.

महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे, तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते: जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि लेखाशास्त्राची शासकीय पदविका). सहकार खात्याची ही परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. ती पास झालेल्या आणि संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला सहकारी संस्थांचे प्रमाणित लेखापरीक्षक होता येते. कायद्याच्या व्याख्येत मराठीचे कामापुरते ज्ञान हीसुद्धा अट आहे. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, दूध संस्था यांची राज्यातली संख्या पाहता हे काम संपणारे नाही. तालुक्याच्या गावी राहून स्वतःची प्रॅक्टिस उभी करू पाहणाऱ्यांसाठी ही परीक्षा आम्ही सर्वांत वर ठेवू.

एका वेळी एकच परीक्षा धरा आणि कामाचा हंगाम बघून प्रयत्न निवडा. सीए ऑफिसात जुलै ते ऑक्टोबर श्वास घ्यायला सवड नसते, कारखान्यात मार्च ते जून. त्या काळात येणारी परीक्षा भरली, तर दोन्हीकडे हात आखडता राहतो. रोज सकाळचे दीड-दोन तास अभ्यासाचे आणि संध्याकाळ ऑफिसची, ही विभागणी टिकते; उलट केली तर फारशी टिकत नाही.

पगार आणि नोकरी बदल

पगाराचे बोलणे रिटर्नचा हंगाम संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढा. सोबत यादी घेऊन जा: जुळवणीतून परत मिळवलेले क्रेडिट किती रुपये, लेट फी न लागता भरलेली रिटर्न्स, स्वतः केलेली फायनलायझेशन्स, शून्यावर आणलेली सस्पेन्स खाती. 'पाच वर्षे झाली' यापेक्षा '2बीमधून 1,40,000 चे राहिलेले क्रेडिट मिळाले' याचे वजन जास्त असते, म्हणून हे आकडे महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. बायोडेटातही हेच आकडे घाला, मात्र पार्टीचे नाव किंवा तिचे कागद बाहेर नेऊ नका.

सोडायचे ठरले, तर ऑडिट मध्यावर असताना सोडू नका. हस्तांतराच्या टिपणीत प्रत्येक बँकेची शेवटची जुळवणी कोणत्या तारखेपर्यंत आहे, 2बीत कोणती बिले अडकली आहेत, कोणत्या नोटिशीला कोणत्या तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे, हे लिहा. पासवर्ड मालकांच्या हाती देऊन पोहोच घ्या आणि पोर्टलवर तुमचा मोबाइल किंवा ईमेल नोंदवलेला असेल तर तो बदलून घ्या, नाहीतर नव्या माणसाचे ओटीपी वर्षभर तुमच्याकडे येत राहतील. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) नव्या ठिकाणी ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. आणि नव्या कंपनीला आधीच्या पगाराचा व टीडीएसचा तपशील द्या, म्हणजे दोन्हीकडे सवलत धरली जाऊन वर्षअखेरीस रिटर्न भरताना कर अंगावर येणार नाही.